पेटी घेऊन ऐका एकदा

गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांत ताना घाईच्या वाटतात, असं इथं कुणी म्हटलंय, ते निम्मंच पटलं. तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांची, आटोपतं घ्यावंच लागणार. पण नेटवर चढवताना तबकडी कुठल्या वेगानं फिरवली, तेही बघा की! परवा शिवाजी पेठेतल्या घरी मांडीशी पेटी (हार्मोनियम) घेऊन एकाच तबकडीच्या दोन प्रती लावल्या. दुसरीत षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ सा, सरळ पुढच्या पट्टीवर, अर्धा स्वर वर. तबकडी जोरात फिरली की स्वरही चढतो. म्हणजे वेग जवळपास ६ टक्के जास्त. ताना उगाच तुरुतुरु, आवाजही चिरका. प्लेअरचा वेग पट्टीसकट तेवढाच उतरवला, तर तोच ‘आ’कार कसा भरीव लागला! केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, त्यांच्या कोल्हापुरात बसून घाईचा ठपका त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्यावर आलेला बघवेना, म्हणून लिहिलं.