प्लेगमुळे कोर्टाचं सत्रच पुढे ढकललं तर चालू केसेसचं काय व्हायचं?

फोंडेकरीण_लॉ:
नमस्कार मंडळी. लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लीगल हिस्ट्रीची असाइनमेंट आहे. लंडनमध्ये प्लेग वाढला की राजा जाहीरनामा काढून वेस्टमिन्स्टरची कोर्टं पुढे ढकलायचा नाहीतर दुसऱ्याच गावात हलवायचा, इथपर्यंत वाचून झालं. पण मला जे पाहिजे ते कुठे सरळ मिळत नाही. समजा माझी त्या सत्रात हजर राहायची तारीख पडलीय आणि सत्रच झालं नाही, तर मी गैरहजर धरली जाणार का? केस तिथल्या तिथे मेली का? आणि आपल्याकडे 1896 च्या प्लेगात आणि कोविडमध्ये हे कसं निभावलं? आईला विचारलं तर म्हणते आमची आजोबांची इन्व्हेंटरी (मालमत्तेच्या वाटणीची केस) कसलीच साथ नसताना पुढे जातेय, त्यामुळे घरून काही मदत नाही.

म्हापशाचा_काळा_कोट:
बाय, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलास, बहुतेक जण "कोर्ट बंद होतं" एवढ्यावरच थांबतात. त्यांच्याकडे वर्षाला चार टर्म असायच्या, मायकलमस, हिलरी, ईस्टर आणि ट्रिनिटी, प्रत्येक काही आठवड्यांची, आणि टर्मच्या आत ठरलेले दिवस असायचे ज्या दिवशी शेरीफने (जिल्ह्यातला राजाचा अधिकारी) रिट, म्हणजे कोर्टाचा लेखी हुकूम, परत आणायचं आणि पक्षकाराने हजर व्हायचं. म्हणजे आपल्यासारखी कुठलीही तारीख नाही, ठरलेल्या दिवसांपैकीच एक. आता गंमत अशी की त्या दिवशी न्यायाधीश आलेच नाहीत आणि कोणी काही लिहिलंही नाही, तर बोर्डावरची सगळी कामं "बिनतारखेची" व्हायची, आणि बिनतारखेची केस म्हणजे जवळजवळ मेलेलीच, ती परत उठवायला नवीन समन्स, नवा खर्च. म्हणून नुसतं कुलूप लावून चालत नसे. रीतसर तहकुबीचं रिट काढायचं, त्यात लिहायचं की अमुक दिवसाची कामं आता तमुक दिवशी, तमुक ठिकाणी. तारखेला तारीख जोडून ठेवली की केस जिवंत. तुझ्या असाइनमेंटचा गाभा हाच धर असं मला वाटतं, कोर्ट बंद ठेवणं सोपं, पण बंद काळातून केस पलीकडे नेणं हे खरं काम होतं.

गावं सांगतो: 1603 ची मायकलमस टर्म विंचेस्टरला, 1625 ची रेडिंगला, 1665 ची ऑक्सफर्डला. 1582 आणि 1592 मध्ये हर्टफर्ड.

डिचोलीचो_पात्रांव:
म्हणजे अख्खं कोर्ट बैलगाडीत घालून?? आपलं हायकोर्ट 2021 मध्ये पणजीहून पर्वरीला गेलं, मधे फक्त मांडवीचा पूल, तरी वकील लोक महिनाभर पार्किंगवरच बोलत होते. तिथे तर कारकून, दस्तऐवजांची गाठोडी, साक्षीदार, सगळी वरात. आणि त्या गावच्या खोलीवाल्यांनी भाडं किती सांगितलं असेल ते सोडाच.

पण एक शंका, प्लेगच्या शहरातून शेकडो माणसं दुसऱ्या गावात नेली तर प्लेग पण त्यांच्याबरोबर गेला नसेल का?

मडगावचा_मास्तर:
पात्रांव, शंका रास्त आहे, ती भीती त्या काळच्या लोकांनाही होती. 1603 चंच बघा, सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला लंडनमध्ये चालवता येईना म्हणून त्याला विंचेस्टरला नेलं, आणि नेताना रस्त्यात लोकांनी त्याच्यावर चिखल, दगड, तंबाखूचे पाइप फेकले. म्हणजे प्लेगसाठी कोर्ट गावाबाहेर, आणि बघ्यांची गर्दी रस्त्यावर तशीच! 17 नोव्हेंबरला खटला झाला, मृत्युदंडाची शिक्षा लगेच, ती अमलात आली मात्र 1618 मध्ये.

आणि कोर्ट स्वतःच रोगाचं घर होऊ शकतं हे त्यांना आधीच कळलं होतं. जुलै 1577, ऑक्सफर्डची फिरती कोर्टं, ज्याला ब्लॅक असाइझ म्हणतात. तुरुंगातले कैदी कोर्टात आणले, त्यानंतर सुमारे 300 माणसं मेली, त्यात मुख्य न्यायाधीश सर रॉबर्ट बेल सुद्धा. हा प्लेग नव्हे हं, तुरुंगातला ताप, आज त्याला टायफस म्हणतात, उवांमधून पसरतो. पण असाइनमेंटमध्ये घालायला हरकत नाही, गर्दीच्या कोंदट खोलीत कैदी उभे करण्याचा धोका यातून नीट दिसतो.

आता मुंबई. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी बंदर भागात हा गाठीचा प्लेग आहे असं छातीठोक सांगणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे आपल्या हडफड्याचे, हे असाइनमेंटमध्ये मार्क देणार नाही पण लिहीच. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला, चार कलमांचा एवढासा कायदा. त्यात कोर्टं बंद करा असं कुठे नाही. उलट शेवटचं कलम वाच: या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. घरात शिरून तपासणी झाली, सामान जाळलं, तरी दाद मागायला जायचं कुठे? मला विचारशील तर कोर्ट चालू ठेवून हा दरवाजा लावणं हे सत्र पुढे ढकलण्यापेक्षा वाईट.

आणि कोर्टं चालू होतीच. पुण्याचा प्लेग अधिकारी रँडवर 22 जून 1897 ला गोळी झाडली, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला त्याच सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात चालला, नऊ ज्युरर, सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी, दीड वर्षाची शिक्षा. सरकारला घाई असली की साथ आड येत नाही.

म्हापशाचा_काळा_कोट:
मास्तर, शेवटचं वाक्य थोडं भाषणासारखं झालं :) त्या काळी कनिष्ठ कोर्टांत रोजची कामं किती अडली ते टिळकांच्या एका खटल्यावरून कळणार नाही. बाकी कबूल.

सांगेची_वहिनी:
मी वकील नाही, पण कोविडमधलं सांगते. आमच्या नात्यातला एक मुलगा अंडरट्रायल म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, आत होता. जमिनीच्या केसवाल्यांना तारीख पुढे गेली की बरंच वाटत होतं, शेतात नांगर चालूच. आत असलेल्याला पुढची तारीख म्हणजे तेवढे दिवस अजून आत, भेट बंद, फोनवर दोन मिनिटं. कोर्टाच्या गेटवर एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं, अर्ज त्यात टाकायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. त्याच्या आईने अर्ज टाकला आणि तिथेच उभी, शिपाई म्हणतो जा गो बाय घरी, आज कोण उघडणार नाही. हे पण लिही तुझ्या पेपरात, नुसत्या टर्म आणि रिट नको.

फोंडेकरीण_लॉ:
वहिनी, नक्की लिहिते. वकीलबाब, मग मुदतीचं काय? म्हणजे अपील करायचे दिवस संपले आणि कोर्ट बंद, तर? आणि पोलिसांनाही तशीच सूट मिळाली का, हे मला सापडेना.

म्हापशाचा_काळा_कोट:
दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मिसळू नकोस. साधा नियम लिमिटेशन ॲक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम 4 मध्ये आहे, शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल कर. पण कोविडमध्ये कोर्ट कधी अर्धं उघडं, कधी फक्त व्हिडिओवर, त्यात हे कलम पुरलं नसतं. म्हणून सुप्रीम कोर्टाने 23 मार्च 2020 ला आपणहून आदेश काढून मुदती थांबवल्या, आणि शेवटचा हिशेब 10 जानेवारी 2022 च्या आदेशात लागला: 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मोजायचाच नाही, आणि ज्यांची मुदत त्यात संपली त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस. बघ, राजाच्या तहकुबीच्या रिटचंच काम झालं, फक्त इथे ते कोर्टाने स्वतः केलं.

पोलिसांचं म्हणशील तर त्यांनी प्रयत्न करून बघितला. चार्जशीट 60 किंवा 90 दिवसांत आली नाही तर आरोपीला डिफॉल्ट बेल मागायचा हक्क असतो, तर म्हणणं असं पडलं की आमचीही मुदत थांबली. सुप्रीम कोर्टाने 19 जून 2020 ला एस. कासीच्या केसमध्ये सरळ नाही सांगितलं, पक्षकाराला उशिरा येता यावं म्हणून दिलेली सवलत माणसाला आत ठेवायला वापरता येणार नाही. वहिनींनी सांगितलं त्याच्याशेजारी ही केस ठेव. शिवाय 23 मार्चलाच दुसरा आदेश होता, प्रत्येक राज्यात समिती नेमून कोणाला तात्पुरतं सोडता येईल ते ठरवा म्हणून.

डिचोलीचो_पात्रांव:
बाय, एवढं सगळं घातलंस तर सर तुलाच प्लेग समजून लांब पळतील. शब्दमर्यादा किती?

फोंडेकरीण_लॉ:
दोन हजार. मुंबईचा भाग अर्ध्या पानात बसवते, रॅले काढावा लागेल बहुतेक.

मडगावचा_मास्तर:
रॅले काढू नकोस गे! ऑक्सफर्डचा ताप काढ, तो प्लेग नव्हताच.

म्हापशाचा_काळा_कोट:
दोन्ही राहू दे, चार टर्मची नावं तळटिपेत टाक, जागा होते. कासीचं जजमेंट कॉलेजच्या लायब्ररीत नाही मिळालं तर मेसेज कर, पीडीएफ पाठवतो.