रोमन अवशेष बघायला नक्की कुठे जावं? बाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा दिवसांची ट्रिप ठरवतोय आणि ती फक्त रोमन काळातले अवशेष बघण्यासाठी आहे, बीच, शॉपिंग, थीम पार्क यातलं काही नको. आम्ही पाच जण, मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि माझे आई-बाबा. बाबांनी सत्तरी ओलांडलीय, गुडघ्यांचा त्रास आहे. सपाटीवर तासभर आरामात चालतात, मध्ये बसायला मिळालं की परत उठून चालायला लागतात, पण पायऱ्या आणि चढ-उतार त्यांना जड जातात. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

एवढा हट्ट रोमन अवशेषांचाच का, ते सांगते म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. बाबा कोल्हापूरला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात जी पोसायडनची छोटीशी ब्रॉन्झ मूर्ती सापडली ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, आणि दरवर्षी ते वर्गाला तिथे घेऊन जायचे. ग्रीक-रोमन समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि मग फळ्यावर नकाशा. तेर म्हणजे जुनं तगर, पैठण, सोपारा, कल्याण, तिथून माल समुद्रमार्गे तांबड्या समुद्रात, पुढे अलेक्झांड्रिया, आणि तिथून जहाजं इटलीला. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात ही आपली गावं नावानिशी आहेत. अख्खी नोकरी हे शिकवण्यात गेली पण त्या नकाशाचं पलीकडचं टोक त्यांनी कधी पाहिलं नाही, ते आता दाखवायचंय.

आणि त्यांना दगडांचे नुसते खांब बघायचे नाहीत. माणसं राहायची कशी, पाणी कुठून यायचं, पाव कुठे भाजायचे, दुकानं कशी होती, हे दिसलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. त्यामुळे मी गेले काही महिने जमेल तसं वाचतेय. आता कुठवर आलेय ते लिहिते, चुकत असेन तिथे सांगा.

सगळ्यात वर अर्थात इटलीतलं नेपल्स आणि आजूबाजूचा भाग. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये वेसुवियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण वाचायला लागल्यावर कळलं की तिथे बेकऱ्यांमधली लाव्हाच्या दगडाची मोठी जाती जागेवर आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याचे हौद आहेत, गरम जेवण विकणाऱ्या टपऱ्यांचे ओटे आहेत, रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत आणि भिंतींवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला सापडलाय, अमक्याला निवडून द्या म्हणून. अजून एक, स्फोटाची तारीख वर्षानुवर्षं 24 ऑगस्ट सांगत होते, पण 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबरची नोंद सापडली, त्यामुळे आता बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की हे शरद ऋतूत झालं असावं. म्हणजे आम्ही जाणार साधारण त्याच दिवसांत. हे वाचून दाखवलं तेव्हापासून मुलाने कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केलीय.

पण पॉम्पेई पसरलंय 66 हेक्टरवर, उकरून काढलेला भाग त्याच्या दोन-तृतीयांशच्या आसपास. रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे, सावली जवळपास नाही. तिथे 'पॉम्पेई सर्वांसाठी' अशा अर्थाचा एक सोपा मार्ग केलाय, साधारण साडेतीन किलोमीटरचा, व्हीलचेअर जाईल असा, अँफिथिएटरच्या (झुंजींच्या गोल आखाड्याच्या) बाजूने सुरू होतो. बाबा व्हीलचेअरवर बसणार नाहीत, पण निदान पाय अडकणार नाहीत अशी वाट मिळाली तरी पुरे. कुणी त्या मार्गाने ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? मध्ये बसायला जागा आहेत का?

त्यापेक्षा हर्क्युलेनियम, म्हणजे त्याच स्फोटात गाडलं गेलेलं जवळचं गाव, बरं का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ते लहान आहे, दोन-तीन तासांत होतं म्हणतात, आणि तिथे राखेऐवजी गरम लोटाखाली, जवळपास वीस मीटर खोल, गाव दबलं गेल्यामुळे लाकूड कोळसा होऊन टिकलंय. दारं, तुळया, घडीचा लाकडी पडदा, घरांचे वरचे मजलेसुद्धा. माणसं राहायची कशी हे बघायचं तर याहून चांगली जागा कुठली? अडचण एवढीच की अवशेष आजच्या गावाच्या पातळीच्या बरेच खाली आहेत, आणि एर्कोलानो (आजच्या गावाचं नाव) स्टेशनवरून जाताना सरळ उतार म्हणजे परतीला तोच चढ. तिथे टॅक्सी सहज मिळते का?

नेपल्सचं मोठं म्युझियम तर सोडायचंच नाही. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात आपल्याकडची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंचीची, पूर्वी तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणायचे, आता अभ्यासक यक्षी म्हणतात, ती या म्युझियमची आहे. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात, त्यामुळे ती आपल्याच बाजूने गेली असावी असं मानणारे बरेच आहेत. बाबांनी तेरची मूर्ती पाहिलीय, ही फक्त फोटोत. कृपया कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा, ती कायम मांडलेली असते का, की बाहेरच्या प्रदर्शनांना जाते? म्युझियम मंगळवारी बंद असतं हे वाचलंय.

त्याच भागात पोझ्झुओली आहे, नेपल्सहून लोकल ट्रेनने जाता येतं. याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण रोमनांच्या काळी हे पुतेओली नावाचं मोठं बंदर होतं आणि अलेक्झांड्रियाहून येणारी जहाजं इथे लागायची, म्हणजे आपल्याकडचा माल बहुधा इथेच उतरायचा. तिथलं अँफिथिएटर मोठं आहे आणि त्याच्या खालची भुयारं, जिथून प्राणी वर आणायचे, ती चांगली शाबूत आहेत. जुन्या बाजारपेठेचे तीन खांब उभे आहेत, त्यांना बऱ्याच उंचीवर समुद्रातल्या शिंपल्यांनी भोकं पाडलेली आहेत, कारण तिथली जमीन शतकानुशतकं खाली-वर होत आलीय. त्याच कारणाने तिथे हल्ली भूकंपाचे धक्के बसतात, त्यामुळे मी थोडी साशंक आहे. तिथे कुणी राहून आलं असेल तर प्लीज लिहा.

आता बाकीचे पर्याय, घरातून आलेले.

नवरा सिव्हिल इंजिनिअर, त्याला दक्षिण फ्रान्स. नीमला मेझों कारे हे पूर्ण देऊळ उभं आहे, आर्लला अँफिथिएटर, ओरांजला नाट्यगृहाची 37 मीटर उंच भिंत. पण त्याचा जीव अडकलाय पाँ द्यु गारमध्ये, तीन मजली पूल, जवळपास 49 मीटर उंच, आणि तो म्हणजे नीमला पाणी नेणाऱ्या सुमारे 50 किलोमीटरच्या कालव्याचा फक्त एक तुकडा. त्या अख्ख्या कालव्याचा उतार मिळून जेमतेम साडेबारा मीटर, आणि हे दोन हजार वर्षांपूर्वी. कालव्याची कामं केलेला माणूस हे ऐकून गप्प बसणं शक्यच नाही. मलाही मोह होतोय पण तिथे गावं विखुरलेली, गाडी घ्यावी लागेल, आणि राहणीमान दाखवणारं पॉम्पेईसारखं काही नाही.

जॉर्डनचा पर्याय माझ्या मैत्रिणीने सुचवला. जेराश हे रोमन काळातलं शहर अम्मानपासून पन्नासेक किलोमीटरवर, सम्राट हेड्रियनच्या भेटीसाठी उभारलेली कमान, लंबगोल चौक, खांबांच्या रांगेचा सरळ लांब रस्ता. युरोपसाठी लागतो त्या शेंगेन व्हिसाची भानगड नाही, जॉर्डन पास घेऊन किमान तीन रात्री राहिलं तर व्हिसाची फीसुद्धा माफ होते, आणि आईच्या जेवणाची काळजीच नाही, हमस, फलाफल, वांग्याचं मुतब्बल. शिवाय पेट्रा. पण पेट्राला चालणं खूप, आणि तो मूळचा नबातियन (तिथल्या जुन्या अरब) लोकांचा ठेवा, रोमन नंतर आले. आजूबाजूच्या देशांतली परिस्थिती बघता पाच जणांचं बुकिंग आधी करून ठेवायला मन धजत नाही.

टर्कीत एफेसस आहे. वरच्या गेटने आत जाऊन खालच्या गेटने बाहेर पडलं तर सगळी वाट उताराची, सेल्ससचं ग्रंथालय, 25 हजार माणसं बसतील असं नाट्यगृह आणि वेगळ्या तिकिटाची ती डोंगरउतारावरची घरं, ज्यात भिंतीवरची चित्रं आणि मोझेक जागेवर आहेत. पण संगमरवर गुळगुळीत आणि घरांमध्ये जिने भरपूर.

ट्युनिशिया (एल जेम, दुग्गा) वाचून फार आवडलं, गर्दी कमी म्हणतात, पण पाच जणांत वयस्कर दोन, त्यामुळे पुढच्या वेळी. बालबेक (लेबनॉन), पाल्मिरा (सीरिया), लेप्टिस माग्ना (लिबिया) यांचा सध्या विचार नाही.

तर माझा कल असा आहे: नेपल्सला पाच-सहा रात्री एकाच ठिकाणी मुक्काम, एक दिवस आड फिरायचं, मग फास्ट ट्रेनने सव्वा तासात रोम आणि तिथे तीन रात्री. रोममध्ये पॅन्थिऑन, कोलोसियम (आत लिफ्ट आहे) आणि ओस्टिया आंतिका. ओस्टिया हे रोमचं बंदर, लोकलने जाता येतं, जागा बरीचशी सपाट, पाइनची झाडं, अनेक मजली चाळींसारख्या इमारती, आणि व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांसमोर जहाजांची मोझेक. बाबांना तिथून उठवणं कठीण जाईल असं वाटतंय.

भर: प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लवकर एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी विचारलं की टूर कंपनीबरोबर का नाही. त्यात पॉम्पेईला दोन तास आणि हर्क्युलेनियम नाहीच असं बहुतेक ठिकाणी दिसतं, आणि बाबांच्या वेगाने जायचं तर ग्रुप थांबणार नाही. तारखांबद्दल विचारणाऱ्यांसाठी, नोव्हेंबरपासून पॉम्पेई लवकर बंद होतं, शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीनला, त्यामुळे शक्यतो ऑक्टोबरचे शेवटचे दिवस धरतोय. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, तो दिवस गर्दीमुळे मुद्दाम टाळणार. पॉम्पेईला आता रोज 20 हजार लोकांची मर्यादा आहे आणि तिकीट नावावर असतं, तेव्हा आधी काढून ठेवू.

आता उरलेले प्रश्न. नेपल्समध्ये राहायचं तर स्टेशनजवळ की म्युझियमच्या बाजूला, वयस्कर माणसं बरोबर असताना कुठे बरं पडतं? लिफ्ट असलेलं घर मिळणं अवघड जातं का? सोरेंतोकडे जाणाऱ्या लोकल ट्रेनमध्ये उभं राहावं लागतं म्हणतात, तर पॉम्पेईपर्यंत गाडी ठरवावी का आणि साधारण किती घेतात? आईसाठी मारिनारा पिझ्झा चालेल हे कळलं, त्यात चीजच नसतं, पण पार्मेझान वासराच्या रेनेटने (पोटातल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) करतात म्हणून ते तिला चालणार नाही, तर ते घालू नका हे इटालियनमध्ये कसं सांगायचं ते कुणी देवनागरीत लिहून द्याल का? चिठ्ठी करून तिच्या पर्समध्ये ठेवेन.

आणि पॉम्पेई-हर्क्युलेनियमला इंग्रजीत नीट, न घाई करता समजावून सांगणारा, बाबांच्या प्रश्नांना उत्तरं देईल असा गाइड कुणाला मिळाला असेल तर कुठून ठरवला होता तेवढं कळवा. शेंगेनची अपॉइंटमेंट घेण्याआधी मुक्कामाचं बुकिंग पक्कं करायचंय, त्यामुळे या आठवड्यात उत्तरं मिळाली तर फार मदत होईल.