ऑल्ट+शिफ्टने भाषा पलटते, एफ१ने हेल्प उघडतो: विंडोजचे आयते शॉर्टकट बदलायचे कसे?

बर्डी_टंकलेखन (नागपूर)

नमस्कार मंडळी. कोर्टाच्या कागदांचं मराठी-इंग्रजी टंकलेखन आहे. एक डेस्कटॉप, एक नवा लॅपटॉप, दोन्हीवर विंडोज ११. वर्ड आणि एक्सेल इन्स्टॉल केलेले आहेत, ब्राउझरमधले नाहीत. कीबोर्ड दोन लावले आहेत: मराठी (इनस्क्रिप्ट) आणि इंग्लिश (इंडिया).

अडचणी अशा. ऑल्ट+शिफ्ट चुकून दाबलं जातं आणि अर्ध्या ओळीत मराठीचं इंग्रजी होतं. एक्सेलमध्ये लपवलेला कॉलम परत आणायला कंट्रोल+शिफ्ट+० दाबलं तर काहीच होत नाही, कंट्रोल+शिफ्ट+९ने ओळी मात्र परत येतात. सेल एडिट करायला एफ२ दाबताना बोट एफ१वर पडतं आणि हेल्प उघडतो. कॅप्स लॉकची कधीच गरज पडत नाही, तिथे कंट्रोल हवं आहे. पॉवरटॉइजने (बटणांची कामं बदलून देणारं मायक्रोसॉफ्टचं फुकट सॉफ्टवेअर) करून पाहिलं, पण लॉगिनच्या स्क्रीनवर आणि एका जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालत नाही. वर्डमध्ये नुसता मजकूर पेस्ट करायला सोपा शॉर्टकट हवा आहे. आणि लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं) बटण आहे, त्याचं काय करायचं?

प्रत्येकासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागेल का?

कळफलक_धरमपेठ

नाही लागणार ताई. पण आधी एक गोष्ट बघायची: ते बटण मध्येच पकडतं कोण? भाषा बदलणारी यंत्रणा, विंडोजचं एक्सप्लोरर, की वर्ड-एक्सेल स्वतः? जो पकडतो त्याच्याच सेटिंगमध्ये बदल करायचा. सगळ्यावर पॉवरटॉइजचा एकच लेप लावला की निम्मं चालतं, निम्मं नाही, आणि मग दोष कुठे आहे तेही कळत नाही.

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी खरं म्हणजे एकच आहेत. ही वाट घ्या: सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → इनपुट लँग्वेज हॉट कीज. जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडेल. त्यात 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा. दोन रकाने दिसतील. डावीकडे 'स्विच इनपुट लँग्वेज', तिथे 'लेफ्ट ऑल्ट+शिफ्ट' निवडलेलं असेल. उजवीकडे 'स्विच कीबोर्ड लेआउट', तिथे 'कंट्रोल+शिफ्ट'. दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा, ओके, मग खालचं अप्लाय. हे अप्लाय विसरलं की सगळं मुसळ केरात.

उजवीकडच्या त्या कंट्रोल+शिफ्टमुळेच कंट्रोल+शिफ्ट+० एक्सेलपर्यंत पोहोचत नव्हतं, विंडोज ते वाटेतच गिळतं. त्यासाठी एक्सेल दुरुस्त करण्यात किंवा पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

आता भाषा बदलायला विंडोज बटण+स्पेस उरतं. ते इथून बंद होत नाही आणि करायची गरजही नाही, कारण ते चुकून दाबलं जात नाही. पण त्यातही 'आत्ता कोणती भाषा आहे' हे डोक्यात ठेवावं लागतं. त्याच खिडकीत यादीतली मराठीची ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' केलं, तर 'एनेबल की सीक्वेन्स'ला खूण करून मराठीला लेफ्ट ऑल्ट+शिफ्ट+१ आणि इंग्रजीला लेफ्ट ऑल्ट+शिफ्ट+२ देता येतं. मग आधी काहीही असो, १ म्हणजे मराठीच. इथे कंट्रोल+शिफ्टसोबत आकडे देऊ नका. एक्सेलमध्ये कंट्रोल+शिफ्ट+१ ते ५ हे नंबर, वेळ, तारीख, चलन, टक्केवारी अशा फॉरमॅटचे शॉर्टकट आहेत, ते जातील. हे आकड्यांचे शॉर्टकट कधीकधी रीस्टार्टनंतर विसरले जातात, तेव्हा पुन्हा भरायची तयारी ठेवा.

अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जच्याच पानावर 'प्रत्येक अॅपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत' अशा अर्थाचा एक चौकोन आहे. त्याला खूण केली की वर्ड मराठीत आणि ब्राउझर इंग्रजीत राहतो. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास एवढ्यानेच जाईल.

वर्धारोड_रजिस्ट्री

कॅप्स लॉकचं मी सांगतो. पॉवरटॉइज हा लॉगिन झाल्यावर पाठीमागे चालणारा प्रोग्राम आहे. लॉगिनच्या स्क्रीनवर तो चालूच नसतो, म्हणून तिथे कॅप्स लॉक कॅप्स लॉकच राहतं. आणि तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुधा 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडत असेल. साध्या अधिकाराच्या प्रोग्रामला वरच्या अधिकाराच्या खिडकीतली बटणं अडवू न देणं हा विंडोजचा सुरक्षेचा नियम आहे. पॉवरटॉइजच्या जनरल पानावर 'ऑलवेज रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' चालू केलं तर त्या सॉफ्टवेअरमध्ये चालेल, लॉगिनला तरीही नाही.

एका बटणाचं दुसरं बटण कायमचं करायचं असेल तर रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला) स्कॅनकोड मॅप, म्हणजे कोणतं बटण कोणतं समजायचं याची यादी, हाच बरा. तो कीबोर्डच्या ड्रायव्हरच्या पातळीवर लागू होतो, म्हणून सगळीकडे चालतो आणि पाठीमागे काही चालू ठेवावं लागत नाही. हाताने हेक्साचे आकडे भरू नका, एक बाइट चुकला की भलतंच बटण बदलतं. शार्पकीज नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या. अॅड दाबा, डाव्या यादीत कॅप्स लॉक, उजव्या यादीत लेफ्ट कंट्रोल, ओके, मग 'राइट टू रजिस्ट्री' आणि रीस्टार्ट. त्याआधी पॉवरटॉइजमधला कॅप्स लॉकचा बदल काढून टाका.

मर्यादा दोन. यात एकटं बटणच बदलतं, कंट्रोल+अमुक अशी जोडी बदलता येत नाही. आणि हा बदल त्या मशीनवरच्या सगळ्या युजरना लागतो. तुमच्याकडे कोणी टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव करत असेल तर त्याला आधी सांगा. परीक्षेच्या मशीनवर कॅप्स लॉक आपल्या जागी असणार, आणि मिनिटाला ४० शब्दांच्या वेगात बोट सवयीने जिथे जायचं तिथेच जातं.

धंतोली_वर्डवाले

वर्डला बाहेरच्या कुठल्याच औजाराची गरज नाही, त्याचे जवळपास सगळे शॉर्टकट आतूनच बदलतात. फाइल → ऑप्शन्स → कस्टमाइझ रिबन, आणि तिथे तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स'समोरचं कस्टमाइझ बटण. कॅटेगरीत 'ऑल कमांड्स', उजवीकडे 'पेस्टटेक्स्टओन्ली' शोधा. 'प्रेस न्यू शॉर्टकट की'च्या चौकटीत हवी ती बटणं प्रत्यक्ष दाबा. खाली 'करंटली असाइन्ड टू' अशी ओळ येते. ती न वाचताच लोक असाइन दाबतात, आणि मग आठवड्याने दुसरंच काही बंद पडल्याची ओरड होते. शॉर्टकट भरताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, मराठीवर असताना चौकटीत भलतंच अक्षर नोंदलं जाऊ शकतं.

ही चौकट लवकर उघडायची युक्ती: कंट्रोल+ऑल्ट+नंबरपॅडवरचं अधिक चिन्ह. माउसचा बाण चार पाकळ्यांच्या फुलासारखा होतो. मग रिबनवरच्या ज्या बटणावर क्लिक कराल त्याच कमांडची चौकट थेट उघडते, हजारभर नावांत शोधायला नको. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर मात्र लांबचीच वाट.

आता कोर्टाच्या कामात हमखास घात होतो तो इथे. जुने मसुदे कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर ते नुसता मजकूर म्हणून पेस्ट करू नका. त्या फाइलमध्ये आत रोमन अक्षरांचेच कोड असतात, मराठी दिसते ती फक्त फॉन्टमुळे. फॉन्ट गळाला की अख्ख्या परिच्छेदाचा इंग्रजी कचरा होतो. आधी युनिकोडमध्ये (जिथे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात) रूपांतर, मग पेस्ट. यात शॉर्टकटचा काही दोष नाही, पण बोल त्यालाच लागतो.

एक्सेलला वर्डसारखी चौकट नाही. मॅक्रोला (नोंदवून ठेवलेल्या कामांच्या साखळीला) कंट्रोल+अक्षर देता येतं आणि क्विक अॅक्सेस टूलबारवरच्या पहिल्या नऊ बटणांना ऑल्ट+१ ते ऑल्ट+९ आपोआप मिळतं, बस. एफ१ बंद करायला पर्सनल मॅक्रो वर्कबुक लागेल. ते आधीपासून नसतं. कुठलाही फालतू मॅक्रो 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक'मध्ये रेकॉर्ड करून थांबवा, की तयार होतं. मग ऑल्ट+एफ११, त्या वर्कबुकमधलं 'धिसवर्कबुक' उघडा, वरच्या यादीतून 'वर्कबुक', 'ओपन' निवडा आणि आत 'अॅप्लिकेशन डॉट ऑनकी'ची एक ओळ लिहा. पहिल्या जागी महिरपी कंसातलं एफ१ (तो कंस अवतरणचिन्हांत), दुसऱ्या जागी नुसती रिकामी अवतरणचिन्हं. रिकामी अवतरणचिन्हं म्हणजे 'बटण दाबलं तरी काहीच करू नको'. ती सोडून दिली तर उलटा अर्थ होतो, म्हणजे बटण पूर्ववत. एक्सेल बंद करताना पर्सनल वर्कबुक सेव्ह करायचं का असं विचारेल, हो म्हणा.

बर्डी_टंकलेखन (नागपूर)

भाषेचं आणि कंट्रोल+शिफ्ट+०चं काम झालं, एफ१सुद्धा गप्प बसलं! पण वर्डमध्ये नवीनच घोळ. कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ने हेडिंग १, २, ३ लागतात हे दिसलं, म्हणून हेडिंग ४ला कंट्रोल+ऑल्ट+४ दिलं. तेव्हापासून रुपयाचं चिन्ह टाईपच होत नाही. 'करंटली असाइन्ड टू'मध्ये काहीच नव्हतं, वाचूनच दिलं होतं.

धंतोली_वर्डवाले

बरोबर आहे, तिथे दिसणारच नाही. ती ओळ वर्डच्या कमांडपुरतं सांगते, आणि रुपयाचं चिन्ह वर्ड देत नाही, कीबोर्डचा लेआउट देतो. इंग्लिश (इंडिया)मध्ये उजवा ऑल्ट+४ म्हणजे ₹. विंडोजच्या लेखी अशा लेआउटमध्ये उजवा ऑल्ट म्हणजेच कंट्रोल+ऑल्ट. तुम्ही वर्डला कंट्रोल+ऑल्ट+४ दिलंत, म्हणून उजवा ऑल्ट दाबला तरी वर्ड हेडिंगच लावतं.

कस्टमाइझच्या चौकटीत कॅटेगरी 'स्टाइल्स', मग 'हेडिंग ४' निवडा, 'करंट कीज'मधली ती जोडी निवडून रिमूव्ह. चुकूनही 'रीसेट ऑल' नको, पेस्टचा शॉर्टकटही जाईल. हेडिंग ४ला ऑल्ट+शिफ्ट असलेलं काही शोधण्यापेक्षा कंट्रोल+शिफ्ट+४ द्या. वर्डमध्ये दिल्याने एक्सेलच्या चलनाच्या फॉरमॅटला धक्का लागत नाही.

कळफलक_धरमपेठ

याच कारणाने मराठी काम करणाऱ्याने कंट्रोल+ऑल्ट+अक्षर हा प्रदेश शक्यतो मोकळा सोडावा. इनस्क्रिप्टमध्येही काही चिन्हं उजव्या ऑल्टवर आहेत.

कोपायलटचं राहिलं होतं. २०२४पासून नव्या लॅपटॉपवर हे बटण यायला लागलं. आतून ते स्वतंत्र बटण नाहीच. ते डावं विंडोज+डावं शिफ्ट+एफ२३ अशी तिहेरी जोडी पाठवतं. म्हणून शार्पकीजने ते धड बदलत नाही, इथे पॉवरटॉइजच हवं. कीबोर्ड मॅनेजर → रीमॅप अ शॉर्टकट, डावीकडे ते बटण दाबून नोंदवा, उजवीकडे राइट कंट्रोल. मग ते दाबून धरून 'सी' दाबलं की कॉपी होतं का बघा. लॅपटॉपनुसार फरक पडतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन → टेक्स्ट इनपुट इथेही या बटणाचा पर्याय आहे, पण तिथे त्याला कंट्रोल करता येत नाही, फक्त सर्च किंवा एखादं अॅप जोडता येतं.

विंडोज+एल आणि कंट्रोल+ऑल्ट+डिलीट या दोन जोड्या पॉवरटॉइजने बदलत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका.

महाल_पेंग्विन

लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर, त्यातला वर्डसारखा भाग म्हणजे रायटर) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: टूल्स → कस्टमाइझ → कीबोर्ड. वर उजवीकडे 'लिब्रेऑफिस' आणि 'रायटर' असे दोन पर्याय असतात. 'लिब्रेऑफिस' निवडून दिलेला शॉर्टकट सगळ्या भागांत लागतो, पण तीच जोडी रायटरमध्ये वेगळ्या कामाला दिलेली असेल तर रायटरचंच चालतं. 'दिला पण लागत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच. तिथेच सेव्ह करून फाइल दुसऱ्या मशीनवर लोड करता येते. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये तर एका कामाला तीन-तीन शॉर्टकट देता येतात, राजेहो. विंडोजवाल्यांनी बघावं कधी.

बर्डी_टंकलेखन (नागपूर)

₹ परत आलं. लोड करण्यावरून आठवलं, वर्ड आणि पॉवरटॉइजचं डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर कसं नेऊ? सगळं पुन्हा भरायचं का?

वर्धारोड_रजिस्ट्री

वर्डचे शॉर्टकट 'नॉर्मल' नावाच्या टेम्प्लेटमध्ये साठतात. विंडोज+आर दाबून रनमध्ये टक्केचिन्ह, अॅपडेटा, टक्केचिन्ह असं इंग्रजीत लिहून एंटर करा, मग मायक्रोसॉफ्ट → टेम्प्लेट्स. दोन्ही मशीनवर वर्ड पूर्ण बंद करूनच कॉपी करा, नाहीतर बंद होताना वर्ड आपली जुनी प्रत वर लिहून टाकतं. लॅपटॉपवरच्या टेम्प्लेटचं नाव आधी बदलून ठेवा, कारण कॉपी केल्यावर तिथल्या स्टाइल्स आणि मॅक्रोही बदलतील.

पॉवरटॉइजच्या जनरल पानावर 'बॅकअप अँड रिस्टोअर' आहे. शार्पकीजमध्येही यादी सेव्ह आणि लोड करता येते, लॅपटॉपवर लोड केल्यावर 'राइट टू रजिस्ट्री' आणि रीस्टार्ट पुन्हा लागेल. भाषेच्या हॉट कीज मात्र हातानेच भराव्या लागतील, दोन मिनिटांचं काम आहे.