मदत हवी आहे: क्रूझ रोमला थांबते त्या दिवशी बीच करायचाय, कुठला?

मृदुला_के
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय कारण या आठवड्यात ठरवायचंय. आमची क्रूझ रोमला थांबते, त्या दिवशी रोम नकोय, निवांत बीचवर बसायचंय. जहाजाची स्वतःची बीच ट्रिप आहे पण माणशी दर बघून नको वाटलं. आपलं आपण जाऊन वेळेत परत येता येईल का आणि कुठला बीच चांगला? नेटवर दहा जण दहा नावं सांगतात. वाळू हवी, गोटे नकोत. प्लीज लवकर सांगा, नवरा म्हणतोय ट्रिप बुक करून मोकळे होऊ.

दर्यावर्दी
महिना कुठला? जहाज किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं? माणसं किती, लहान मूल किंवा वयस्कर कोणी आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.
आणि जहाज रोमला लागत नाही, चिवितावेक्कियाला लागतं, तिथून रोम साधारण ७० किमी. त्यामुळे 'रोमजवळचे बीच' म्हणून ऑस्तिया, फ्रेजेने अशी जी नावं येतायत ती बाजूला ठेवा, ती रोमच्या अंगाला आहेत, तुम्हाला लांब पडतील.

अवंती_पुणे
रोम सोडून बीच?? अहो बीच आपल्याकडे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आहेत. एवढा खर्च करून जाताय, कलोसियम बघा, व्हॅटिकन बघा. ट्रेनने तासाभरात पोचाल. मी तर म्हणेन पहाटे उठून निघा.

मृदुला_के
@अवंती_पुणे, रोम झालंय आमचं, आधीच्या ट्रिपमध्ये चार दिवस होतो तिथे. बीचच हवाय.
@दर्यावर्दी, जूनमध्ये आहे. पाच जण. सकाळी ८ ते संध्याकाळी ६.

दर्यावर्दी
६ ला जहाज सुटतं की ६ पर्यंत चढायचंय? यात अर्धा ते एक तासाचा फरक असतो. आणि पाच जण कोण कोण?

मृदुला_के
सुटतं ६ ला, चढायची वेळ ५:३० लिहिलीय. मी, नवरा, सासू-सासरे आणि मुलगी साडेतीन वर्षांची. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर छान चालतात, जिने फार जमत नाहीत. मुलगी अजून डायपरमध्ये आहे आणि जहाजाच्या मोठ्या पूलमध्ये डायपरवाल्या मुलांना घेत नाहीत असं कळलं, म्हणून तिला एक दिवस तरी पाणी आणि वाळू मिळावी एवढीच इच्छा आहे. तारीख २ जून.

तोरिनोची_मनी
अहो २ जून आधी सांगायचं ना! तो इटलीचा प्रजासत्ताक दिन, फेस्ता देल्ला रेपुब्लिका, देशभर सुट्टी. दोन गोष्टी होतात. एक, ट्रेन सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात, म्हणजे कमी असतात, वेळ बघताना तारीख घालूनच बघा, उगाच आजची बघू नका. दुसरी, अर्धं रोम समुद्रावर येतं.
पण घाबरू नका, गर्दीची दिशा तुमच्या उलटी आहे. तुमच्यासाठी सांता मारिनेल्ला, चिवितावेक्कियाहून रोमच्या दिशेने दुसऱ्या कुठल्या भानगडीत न पडता रिजनल ट्रेनने दहा मिनिटांच्या आत. सकाळी रोमकर रोमहून इकडे येतात आणि तुम्ही चिवितावेक्कियाहून तिकडे जाता, संध्याकाळी ते परत रोमकडे आणि तुम्ही बंदराकडे, त्यामुळे डब्यात बसायला जागा मिळते, बाबागाडी असेल तर हे फार महत्त्वाचं. तिकीट दोन-तीन युरोच्या घरात. कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड. स्टेशनवरून उतरलं की थोडं चालून समुद्र, तिथे वाळू आहे.

अवंती_पुणे
म्हणजे रोममध्ये त्या दिवशी परेड पण असेल की! विमानं रंगीत धूर सोडत जातात ती. ते तर बघायलाच हवं.

तोरिनोची_मनी
@अवंती, परेड कलोसियमजवळच्याच रस्त्यावरून जाते आणि त्यासाठी सकाळी तो सगळा भाग बंद करतात. साडेतीन वर्षांचं मूल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा घेऊन तिथे त्या दिवशी कोणालाच पाठवू नका.

कशाला_रिस्क
माझं स्पष्ट मत, जहाजाची ट्रिप घ्या. जहाजाच्या ट्रिपची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरावर पोचवायची सोय कंपनी करते. स्वतः गेलात आणि ट्रेन रद्द झाली तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जायचं. वृद्ध माणसं सोबत आहेत. पैसे बघू नका.

दर्यावर्दी
@कशाला_रिस्क, हे रोमला जाणाऱ्यांसाठी बरोबर आहे. इथे अंतर १० किमीच्या आसपास आहे. ट्रेन बंद पडली तरी टॅक्सीने वीस मिनिटांत परत येता येतं. पाच जणांचे ट्रिपचे पैसे आणि एका टॅक्सीचं भाडं याची तुलना करून बघा. भीती घालण्याआधी नकाशा बघावा माणसाने.

कशाला_रिस्क
सुट्टीच्या दिवशी गावातली टॅक्सी मिळते का हो लगेच? पाच जण एका टॅक्सीत बसतात का? मुलीची कारसीट? मी भीती घालत नाहीये, हे प्रश्न विचारायलाच हवेत.

दर्यावर्दी
पाच जणांचा मुद्दा मान्य, मोठी गाडी सांगावी लागेल. म्हणूनच परतीची ट्रेन शेवटची नको, ३ च्या आसपासची धरा. ती चुकली तर पुढची आहे, ती चुकली तर टॅक्सी.

मायोर्काप्रेमी
तुमच्या क्रूझमध्ये पाल्मा (स्पेनच्या मायोर्का बेटावरचं बंदर) आहे का? असेल तर हा सगळा खटाटोप सोडा आणि बीच तिथेच करा. प्लाया दे पाल्मा म्हणजे कित्येक किलोमीटर सलग वाळू, पाणी उथळ, लहान मुलांना उत्तम, मागे सपाट फिरायचा रस्ता. जवळ हवं असेल तर काला मायोर. टॅक्सी मीटरवर चालतात. इटलीतले बीच म्हणजे खुर्च्यांच्या रांगा, समुद्र दिसायलासुद्धा पैसे.

मृदुला_के
पाल्मा आहे पण जहाज दुपारी उशिरा पोचतं, मुलगी तेव्हा झोपलेली असते. आणि खुर्च्यांचे पैसे म्हणजे काय, बीच फुकट नसतो का??

तोरिनोची_मनी
दोन्ही असतं. 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणजे मोकळा, फुकट किनारा, आपला टॉवेल आपण पसरायचा. आणि 'स्ताबिलिमेंतो' किंवा लिडो म्हणजे भाड्याचा, त्यात छत्री, झोपायच्या खुर्च्या, टॉयलेट, शॉवर, कपडे बदलायची खोली, कॅफे आणि जीवरक्षक. पाण्याच्या कडेची पाचेक मीटरची पट्टी सगळ्यांसाठी खुली असते, लिडोच्या समोरून चालत जायला कोणी अडवू शकत नाही, फक्त तिथे मुक्काम ठोकता येत नाही.
@मायोर्काप्रेमी, समुद्र बघायला कोणी पैसे घेत नाही हो. या कुटुंबाला मात्र लिडोच घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. आजोबांना वाळूवर खाली बसून उठता येणार नाही, त्यांना खुर्ची पाहिजे, आजींना सावली पाहिजे, मुलीला टॉयलेट आणि गोड्या पाण्याचा शॉवर पाहिजे. एक छत्री आणि दोन खुर्च्या साधारण २० ते ३५ युरो धरा, पुढची रांग महाग, तुम्हाला दोन छत्र्या लागतील. सुट्टी आहे म्हणून आधी बुक करा, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

रत्नांग्रीकर
भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघितलंत का कोणी? तिथी बघून मगच पाण्यात उतरायचं, लहान मूल आहे. आमच्याकडे पर्यटक नेमके ओहोटीला आत जातात आणि मग धावपळ.

दर्यावर्दी
रत्नांग्रीकर, तुमचा सल्ला आपल्या किनाऱ्यासाठी सोन्यासारखा, पण भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यात जमा. जिब्राल्टरचं तोंड अरुंद, त्यामुळे अटलांटिकची भरती आत फारशी येत नाही. त्या किनाऱ्यावर फरक वीत-दोन वीत. मुंबईला साडेचार मीटरच्या वर भरती येते तसलं तिथे काही नाही. सकाळी जिथे टॉवेल टाकला तिथेच संध्याकाळी कोरडा असतो.
लाटा आणि ओढ मात्र वाऱ्यावर असते, म्हणून झेंडा बघा. पांढरा म्हणजे ठीक, लाल म्हणजे उतरू नका.

रत्नांग्रीकर
हे माहीत नव्हतं. मग तिथले मच्छीमार होड्या कशा काढतात? आमच्याकडे सगळं भरतीवर.

दर्यावर्दी
बंदरात पाणी कायम तेवढंच, कधीही काढा. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

पोहेवाली
जेलीफिश असतात त्या समुद्रात, व्हिनेगरची छोटी बाटली न्या. चावली की लगेच ओतायचं.

डॉ_नाही_पण
पोहेवाली, थांबा. व्हिनेगर सगळ्या जातींना चालत नाही. भूमध्य समुद्रात जी जांभळट, डंख मारणारी जेलीफिश जास्त दिसते तिच्यासाठी व्हिनेगर वापरू नका असंच सांगतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, गोडं पाणी ओतायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही, आणि लिडोच्या जीवरक्षकाकडे जायचं. मुलीला श्वासाचा त्रास किंवा अंगभर सूज आली तर ११२ लावा.

पोहेवाली
आम्ही ऑस्ट्रेलियाला होतो तेव्हा बीचवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असायच्या.

डॉ_नाही_पण
तिथल्या बॉक्स जेलीफिशसाठी ते बरोबर. जात वेगळी, उपाय वेगळा.

मृदुला_के
पाणी गार असेल का? आणि बंदरावरून स्टेशनला कसं जायचं ते कोणीच सांगत नाहीये. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, त्यांचं जेवण?

दर्यावर्दी
जहाजापासून बंदराची फुकट शटल बस असते ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी सोडते. तिथून स्टेशन चालत वीसेक मिनिटं, बराचसा रस्ता सपाट आणि समुद्राकडेने, पण आजोबांसाठी तिथून गावातली बस किंवा टॅक्सी घ्या, पायांची ताकद बीचसाठी ठेवू दे. टॅक्सीचे पैसे बसायच्या आधी ठरवा. या सगळ्यात सकाळी एक तास धरा.
पाणी जूनच्या सुरुवातीला २० अंशांच्या आसपास. आपल्याला गार वाटेल. मुलगी कडेला खेळेल, पूर्ण डुंबेलच असं धरू नका. पातळ बाह्यांचा स्विमसूट न्या आणि जहाजावरून उतरण्याआधी नाश्ता भरपूर करा.

तोरिनोची_मनी
जेवण सोपं आहे, पिझ्झा मार्गारिता, टोमॅटोचा पास्ता, फळं. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा' म्हणजे मांस, मासे, अंडं नको, हे कागदावर लिहून न्या. सुप्पली नावाचे भाताचे तळलेले गोळे मिळतात ते बघून शाकाहारी वाटतील पण रोमकडच्या सुप्पलीत बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो, आधी विचारा. जहाजावरचं ताजं अन्न, फळं खाली उतरवू देत नाहीत, घरून नेलेली बंद पाकिटं बरी.

जैन_खाऊ
पार्मेजानो चीज वासराच्या रेनेटने (दूध गोठवायला वापरतात तो पोटातला पदार्थ) बनतं, नियमच तसा आहे. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. सासूबाई कडक असतील तर पास्त्यावर वरून चीज नको म्हणून सांगा. 'सेन्झा फोर्माज्जो'.

मृदुला_के
बापरे, हे माहीत नव्हतं. त्यांना विचारते. त्या साडीतच असतात, लिडोवर कोणी काही म्हणेल का?

तोरिनोची_मनी
अजिबात नाही. खुर्चीवर निवांत बसू दे त्यांना. इटालियन आज्याही पूर्ण कपड्यांत येऊन नातवंडांकडे बघत बसतात.

विसा_हवाय
मध्येच विचारतो, शेंगेन विसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) कुठल्या देशाचा काढला तुम्ही? आमची क्रूझ बार्सेलोनाहून आहे आणि कुशादासीला पण जाते.

दर्यावर्दी
@विसा_हवाय, ज्या शेंगेन देशात जास्त रात्री त्याचा, समान असतील तर जिथून आधी शिरता त्याचा. कुशादासी तुर्कस्तानात, म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येताय, तेव्हा मल्टिपल एन्ट्री मागा, आणि तुर्कस्तानचं वेगळं बघा. इथे बीचचं चाललंय.

इतिहासवेडा
सांता मारिनेल्लाच्या पुढे सांता सेव्हेरा आहे, तिथे अगदी पाण्यालगत किल्ला आहे आणि किल्ल्याला लागून वाळूचा किनारा! हेच ते एत्रुस्कन (रोमनांच्या आधीचे इटलीतले) लोकांचं पिर्जी बंदर. १९६४ साली इथे सोन्याचे तीन पत्रे सापडले, एत्रुस्कन आणि फिनिशियन लिपीत कोरलेले, आता रोमच्या व्हिल्ला जूलिया संग्रहालयात आहेत. मूळ बंदर पाहायचं तर इथेच जायला हवं. मी असतो तर डोळे झाकून सांता सेव्हेरा.

तोरिनोची_मनी
जागा सुंदर आहे यात वाद नाही, पण स्टेशनपासून किल्ला बराच लांब पडतो, उन्हात आजोबांना चालवणार का? दोघंच असता तर मीही तेच सांगितलं असतं.

मृदुला_के
ठरलं मग, सांता मारिनेल्ला, सकाळी ९:३० च्या आसपासची ट्रेन, परत ३ ची. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो तयार झालाय. दोन लिडोंना मेल टाकलाय पण कोणी उत्तरच देत नाहीये.

तोरिनोची_मनी
मेलला उत्तर द्यायची सवय नसते त्यांना, फोन करावा लागतो आणि फोनवर इंग्रजी चालेलच असं नाही. लिडोंची नावं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी उद्या सकाळी लावते फोन. दोन छत्र्या, चार खुर्च्या, पाण्याकडे जायला लाकडी फळ्यांची वाट आहे का आणि जिने किती, हे विचारते. अजून काही विचारायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

मृदुला_के
व्यनि केलाय!! बाबागाडी आत घेऊ देतात का तेवढं विचारा प्लीज, आणि पैसे आधी भरायचे की तिथे. खूप खूप आभार.

विसा_हवाय
@दर्यावर्दी, रात्री म्हणजे जहाजावरच्या रात्री कुठल्या देशात धरायच्या?