बॅलरॅटला जाऊन हौसेने सोने शोधायचे आहे. जाण्यापूर्वी भुसावळात राहून काय शिकता येईल?

वाघूरकाठ (भुसावळ) यांचा प्रश्न

माझी मुलगी व जावई ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे राहतात आणि दिवाळी आटोपल्यावर आम्ही उभयता काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. १८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडल्याची वार्ता पसरल्यावर जगभरातून माणसे ज्या गावांकडे धावली, त्यांपैकी हे एक. आणि आजही तेथे साधी नोकरदार माणसे सुटीच्या दिवशी रेती धुऊन सोने शोधायला ओढ्यात परात घेऊन बसतात, असे जावई सांगतात. रेल्वेची नोकरी संपल्यापासून मला दगड गोळा करण्याचा व ओळखण्याचा छंद आहे, त्यामुळे ही संधी नुसती बघ्याची भूमिका घेऊन दवडू नये, असे मनापासून वाटते. परदेशी पाहुण्याला तेथे परवानगी मिळते काय, नवख्याने कोणत्या साधनापासून सुरुवात करावी, आणि जाण्यापूर्वी इकडे तापी-वाघूरच्या रेतीत हात बसवता येईल काय, हे जाणकारांनी सांगावे. तापीच्या रेतीत उन्हात पिवळे कण चमकताना मी पाहिले आहेत. ते काय असावेत?

अमळनेरकर (सध्या व्हिक्टोरिया)

काका, नमस्कार. परवानगी मिळते. ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना पर्यटकालाही ऑनलाइन घेता येतो, त्याची मुदत दहा वर्षांची असते आणि त्यावर सापडलेले सोने तुमच्याच मालकीचे होते. या कागदाचा जन्म बॅलरॅटच्याच मातीत झाला आहे. सोने सापडो वा न सापडो, खाणकामगारांना परवान्यापोटी जबर शुल्क भरावे लागे. त्याविरुद्ध त्यांनी युरेका येथे लाकडी तटबंदी उभारली, ३ डिसेंबर १८५४ रोजी सैनिकांनी ती मोडून काढली, त्यात अनेकांचे प्राण गेले, आणि पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंड शुल्काचा हा हक्क अस्तित्वात आला. परवाना खिशात ठेवताना एवढे अवश्य आठवावे.

मात्र या परवान्याने सगळीकडे खणता येते, असे मुळीच नाही. फक्त हाताने चालवायची अवजारे वापरता येतात. खोदाईची यंत्रे व स्फोटके निषिद्ध आहेत. बहुतेक राष्ट्रीय उद्याने, आदिवासींची वारसास्थळे आणि कित्येक ओढेदेखील वर्ज्य आहेत, खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते, आणि खणलेला प्रत्येक खड्डा निघण्यापूर्वी बुजवावाच लागतो. जागा ठरवण्याआधी सरकारी नकाशा जावयांकडून नीट तपासून घ्यावा.

साधनांविषयी माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात परातीने करावी, मेटल डिटेक्टरने नव्हे. १८६९ साली मोलियागुल येथे जमिनीखाली जेमतेम ३ सेंटीमीटरवर सुमारे ७२ किलोचा गोळा सापडला आणि १९८० साली किंगोवरजवळ डिटेक्टरच्या साहाय्याने २७ किलोचा सापडला, या कथा ऐकून पुष्कळ जण पहिल्याच महिन्यात महागडे यंत्र विकत घेतात. तेथील लोहयुक्त जमिनीत साधे यंत्र सतत खोटे इशारे देते आणि त्यांतून खरा आवाज ओळखायला फार सराव लागतो. परातीत निदान समोर काय घडते आहे, हे डोळ्यांना दिसते. बॅलरॅटमध्येच सॉव्हरिन हिल हे जुन्या खाणवस्तीचे खुले संग्रहालय आहे आणि तेथील ओढ्यात पाहुण्यांना सोने धुऊ देतात. पहिला दिवस तेथे घालवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. जुन्या खाणींची उभी विवरे झुडपांत आजही उघडी आहेत, त्यामुळे पाऊल कोठे पडते आहे ते पाहूनच चालावे आणि एकट्याने कधीही जाऊ नये. जुन्या खाणींतून टाकलेल्या चुऱ्यात आर्सेनिक असते; तेथे काम केल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. तुम्ही याल तेव्हा येथे उन्हाळा असेल, म्हणून वणव्याची सूचना व साप या दोहोंचे भान ठेवावे.

भूशास्त्राचा शिक्षक (जळगाव)

तापीतील चमक बहुधा अभ्रकाची असावी. सुईच्या टोकाने कण दाबून पाहा: अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोनामाखीचा (सोन्यासारखे दिसणारे लोह-गंधकाचे खनिज) भुगा होतो आणि सोने मात्र मऊ असल्याने नुसते चेपते. आपला खानदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे आणि या काळ्या पाषाणात सोन्याच्या शिरा नाहीत. व्हिक्टोरियातील सोने कितीतरी जुन्या खडकांतील गारगोटीच्या शिरांतून आले, शिरा झिजल्या आणि सोने नद्यांच्या गोट्यांत उतरले. गंमत अशी की, बॅलरॅटच्या काही सोनेरी नद्या पुढे लाव्ह्याखाली गाडल्या गेल्या, म्हणून तेथील खाणकामगारांना आपल्यासारखाच काळा पाषाण फोडून खालच्या प्राचीन नदीपात्रापर्यंत पोहोचावे लागले. तेव्हा काळा पाषाण ओळखणारा तुमचा डोळा तेथे वाया जाणार नाही.

सोने नसले, तरी आपण दरिद्री नाही. विहिरी खोदताना व दगडखाणी फोडताना या पाषाणाच्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांचे जे स्फटिक निघतात, ते जळगावच्या नावाने जगभरच्या संग्रहांत मांडलेले आहेत. आपल्याकडील हौशी माणसांना याची पुरेशी जाणीव नाही, याचे मला वाईट वाटते. हिरवट अपोफिलाइट हाती आला, तर तो अॅसिडने धुऊ नये आणि त्यावर हातोडी चालवू नये, कारण तो एका दिशेने काचेसारखा सरळ दुभंगतो. मऊ ब्रश, पाणी आणि वर्तमानपत्राचे दोन-तीन वेढे पुरेसे आहेत. नदीच्या गोट्यांत अकीक हा पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड सापडतो, आणि तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथील ताम्रपाषाणयुगीन माणसे त्याच जातीच्या दगडाची पाती घडवत असत.

कायद्याच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांत मोठा फरक आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यान्वये आपल्याकडे परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही आणि हौशी माणसासाठी ‘मायनर्स राइट’सारखी सोय नाही. यावल अभयारण्यातून खडाही उचलू नये, आणि खाणीत तिच्या पट्टाधारकाच्या, म्हणजे ती भाडेपट्ट्याने चालवणाऱ्याच्या, संमतीनेच पाय ठेवावा.

सराफगल्ली (जळगाव)

हात बसवण्यासाठी नदीवर जाऊच नका. आजकाल पात्रातून पोते भरून निघालेल्या माणसाला तलाठ्यापुढे काय काय सांगावे लागेल, कोण जाणे. एखाद्या बांधकामावर उरलेली घमेलेभर रेती मागून आणा, भोयांच्या जाळ्याचे एखादे शिशाचे वजन घेऊन त्याचे ज्वारीच्या कणीएवढे तुकडे करा आणि मोजून त्या रेतीत मिसळा. शिसे पाण्याच्या ११ पट जड, सोने १९ पट आणि रेती जेमतेम अडीच पट; म्हणजे परातीत शिसे राखता आले, तर त्याहून जड सोने राहीलच. मोजून टाकलेले सगळे शिसे परत मिळू लागले, म्हणजे हात बसला असे समजावे. नंतर हात स्वच्छ धुवावेत.

आमच्या गल्लीतील केरमाती धुऊन सोने काढणारे झारेकरी घाई कधीच करत नाहीत. परात पाण्याखाली धरून आधी डावी-उजवीकडे जोराने हलवायची, म्हणजे जड कण तळाशी बसतात; मगच ती पुढे किंचित कलती करून वरची रेती पाण्याच्या लाटेबरोबर जाऊ द्यायची, आणि पुन्हा हलवायची. शेवटी चमचाभर काळी रेती उरते. येथे नवखा माणूस अधीर होतो आणि सोने घालवतो. ती रेती वाळवून कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. लोहकण बाजूला सरकतात.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. घरातल्या परातीला तेलातुपाचा ओशटपणा असतो आणि अगदी बारीक सोने त्यामुळे पाण्यावर तरंगून निघून जाते. परात साबणाने घासावी, पाण्यातही साबणाचा एखादा थेंब टाकावा. शिवाय चकचकीत स्टीलवर पिवळा कण दिसत नाही. काळी किंवा गडद हिरवी प्लास्टिकची परात घ्यावी.

वाघूरकाठ (भुसावळ)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. शिशाचे तुकडे आजच करतो. एकच शंका उरली: परात व चाळणी येथूनच न्यावी काय, आणि सोन्याबरोबर तिकडे रत्नेही मिळतात काय?

अमळनेरकर (सध्या व्हिक्टोरिया)

सराव केलेली साधने आणू नका, काका. मातीचा कण लागलेली वस्तूदेखील येथील विमानतळावर अडवली जाते. परात येथे सहज मिळते. रत्नांसाठी बीचवर्थजवळील वूलशेड खोरे पाहावे. तेथील गोट्यांत लहान नीलम व झिरकॉन नावाचे रत्न मिळतात, आणि तेही रेतीपेक्षा जड असल्याने काळ्या रेतीबरोबरच खाली बसतात. म्हणून चाळणीतला गाळ गोल फिरवत धुवावा, कापडावर झटक्याने उपडा करावा आणि आता वर आलेल्या मधल्या भागात आधी शोधावे. पुष्कळ जण सोन्याच्या नादात तो भाग तसाच ओढ्यात टाकून देतात.