सांस्कृतिक समिती ग्रुप: क्विझवाल्यांच्या लक्षात एवढं राहतं कसं?

सचिव, ए-१०१: गणेशोत्सवातली सामान्यज्ञान स्पर्धा पाचव्या दिवशी रात्री ९ वाजता. विंगवार चौघांची टीम. ढाल सलग तीन वर्षं सी विंगकडे आहे. ए आणि डी विंगचं म्हणणं, "त्यांची स्मरणशक्तीच वेगळी, नियम बदला." मतं इथेच मांडा. गुड नाइटचे फोटो कृपया नकोत.

आर्या, ए-५०५: नियम राहू देत. पण एकच पुस्तक दोघांनी वाचलं तर एकाला सगळं आठवतं आणि दुसऱ्याचं पान उलटलं की सगळं साफ, हे का होतं? रोहिणीताई, तुमचा विषय आहे, लिहा ना.

रोहिणीताई, बी-३०४: लिहिते, पण लांबेल.

स्मरणशक्ती ही सगळ्या विषयांत सारखी चालणारी एकच ताकद नाही. ज्या विषयाचं आधीपासून बरंच माहीत असतं, त्या विषयातलं नवं पटकन बसतं. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा बुद्धिबळाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी ५ सेकंद दाखवायची, मग पट झाकून ती पुन्हा मांडायला सांगायची. नवख्याला चार-पाच मोहरे जागेवर ठेवता आले, मास्टरला त्याच्या तिप्पट-चौपट. मग तेच मोहरे वाटेल तसे पटावर टाकून दाखवले, तर मास्टरची आघाडी जवळजवळ संपली. नजर तीच, मेंदू तोच. फक्त ओळखीचा आकृतिबंध नव्हता.

क्विझला याहून जवळचा प्रयोग ब्रिटनमधला. पीटर मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये लोकांना फुटबॉल सामन्यांचे ताजे निकाल ऐकवले. ज्यांना फुटबॉल जास्त कळत होतं, त्यांच्या लक्षात जास्त स्कोअर राहिले. पुढे बनावट निकाल ऐकवून पाहिले, तेव्हा तो फायदा उरला नाही.

प्रधान काका, सी-७०२: अगदी. २ एप्रिल २०११, वानखेडे, वर्ल्ड कपची फायनल. श्रीलंका ६ बाद २७४, भारत ४ बाद २७७, धोनी नाबाद ९१. क्रिकेट न बघणाऱ्याला हे चार सुटे आकडे. बघणाऱ्याला माहीत असतं की ११ चेंडूंत ४ धावा हव्या होत्या आणि षटकार बसला. २७१ अधिक ६ म्हणजे २७७, ८५ अधिक ६ म्हणजे ९१. एक आकडा विसरला तरी उरलेल्यांवरून काढता येतो. सी विंगचं "पाठांतर" ते हेच.

रोहिणीताई, बी-३०४: काका, नेमकं बोललात. खुंट्या जास्त, म्हणून टांगायला जागा जास्त. ज्याला येतं त्यालाच आणखी येत जातं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती जन्मजात देणगी वाटते.

जोशी काका, बी-४०२: पण ताई, काही जन्मजात असतंच की. कितीही घोकलं तरी काहींच्या डोक्यात शिरत नाही.

रोहिणीताई, बी-३०४: जनुकांचा वाटा आहेच, नाही म्हणत नाही. पण फरक वाटतो तेवढा तिथून येत नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात चेस आणि एरिक्सन यांनी एका सर्वसाधारण विद्यार्थ्याला आकडे ऐकून लगेच परत म्हणायचा सराव दिला. सुरुवातीला इतरांसारखेच सातेक आकडे. २०० हून जास्त तासांनंतर ७९. तो पळणारा होता, म्हणून आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतीतल्या वेळांचा अर्थ लावायचा. १९८० मध्ये हे छापून आलं. गंमत पुढे आहे: आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर तो पुन्हा सहावरच! म्हणजे वाढली ती स्मरणशक्ती नव्हे, आकड्यांची युक्ती.

२०१७ मध्ये ड्रेस्लर यांच्या गटाने सामान्य माणसांना रोज अर्धा तास, सहा आठवडे, "ओळखीच्या वाटेवर एकेक वस्तू ठेवत जायची" ही पद्धत शिकवली. ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ आठवत होते, ते ६२ वर गेले.

जोशी काका, बी-४०२: आणि बदाम? ब्राह्मी? कसली ती गिंको की काय गोळी?

डॉक्टर, डी-१०३: काका, बदाम खा, चांगले असतात, पण क्विझ बदामावर जिंकता येत नाही. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. ७५ च्या पुढचे तीन हजारांवर लोक, अनेक वर्षं पाठपुरावा. २००८ मध्ये निष्कर्ष आला: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळला नाही.

त्यापेक्षा "हल्ली लक्षात राहत नाही" असं वाटलं तर आधी हे तपासा.
बी-१२ जीवनसत्त्व: शाकाहारी घरांत कमतरता नेहमीची. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आणखी शक्यता.
थायरॉइड: टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या.
घोरणं: झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही मेंदूला विश्रांती नाही.
औषधं: झोपेच्या गोळ्या, आणि सर्दीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते त्या. घेतलेल्या दिवशी नवीन काही नीट नोंदलंच जात नाही.
ऐकू कमी येणं: अर्धवट ऐकलेलं नाव आठवणार कुठून? घरचे मात्र "विसरतात" म्हणतात.

चावी कुठे ठेवली हे न आठवणं बहुतेक वेळा विसरणं नसतंच. ठेवताना लक्ष नव्हतं. चावी कशासाठी असते हे कळेनासं झालं, नेहमीच्या रस्त्यावर चुकायला झालं, तर मात्र दाखवून घ्या.

सी-२०३: टँकर आला का?

सचिव, ए-१०१: मेंटेनन्स ग्रुपवर विचारा.

आर्या, ए-५०५: कुतूहलाचं काय? आवडीच्या विषयातलं आपोआप राहतं, असं सगळे म्हणतात.

रोहिणीताई, बी-३०४: खरं आहे, आणि मोजून पाहिलेलं आहे. २०१४ मध्ये ग्रुबर, गेलमन आणि रंगनाथ यांनी सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. उत्तर कळायची उत्सुकता किती, हे आधी नोंदवलं, मग उत्तर द्यायच्या आधी काही सेकंद थांबवून ठेवलं. त्या वेळात एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त, त्यांची उत्तरं तर चांगली राहिलीच, पण मध्ये दाखवलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. उत्सुकता चाळवली की मेंदूतली डोपामिनची (बक्षिसाची ओढ लावणारी) यंत्रणा आणि हिप्पोकॅम्पस (आठवणी नोंदवणारा भाग) एकत्र कामाला लागतात.

घरी वापरायची तर एवढंच: उत्तर बघण्याआधी अंदाज करायचा. चुकीचा असला तरी चालेल. छातीठोक सांगितलेलं उत्तर चुकलं आणि लगेच बरोबर कळलं, तर ते जास्त पक्कं बसतं. हेही प्रयोगांत दिसलंय.

प्रधान काका, सी-७०२: आमच्या टीममध्ये कोणी पाठ करत नाही. चहाच्या वेळी एकमेकांना प्रश्न टाकतात. बाकीच्या विंगा मात्र आदल्या दिवशी पुस्तक वाचतात, तेही अधोरेखित करून.

रोहिणीताई, बी-३०४: तिथेच फरक पडतो. रोडिगर आणि कार्पिके, २००६. एक गट उतारा चार वेळा वाचतो. दुसरा एकदा वाचतो आणि तीनदा कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितो. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पाहिलं तर उलट: वाचणारे ४०, लिहिणारे ६१. आणि "मला पुढच्या आठवड्यात चांगलं आठवेल" हा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो.

ज्यांना "सगळं लक्षात राहतं" त्यांच्यातले बरेच जण हेच करतात, नकळत. कळलेली गोष्ट जेवताना कोणाला तरी सांगतात. ते सांगणं म्हणजेच आठवण्याचा सराव. न बोलणाऱ्याचा हा सराव होत नाही.

गुरुजी, बी-१०१: वेदपाठात पोथी समोर न ठेवता हेच केलं जातं. जटा आणि घन या म्हणायच्या दोन पद्धती. जटेत दोन पदं १-२, २-१, १-२ अशी. घनात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३, मग पुढच्या पदापासून पुन्हा तसंच. उलट-सुलट म्हणावं लागतं, त्यामुळे नुसत्या चालीवर निभत नाही. एक पद गळलं की पुढची जोडी जुळत नाही, चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

आकड्यांसाठी आपल्याकडे कटपयादि आहे, म्हणजे अक्षरांना अंक देऊन आकड्याचा शब्द बनवायची पद्धत. क ट प य = १, ख ठ फ र = २, ग ड ब ल = ३, घ ढ भ व = ४, ङ ण म श = ५, च त ष = ६, छ थ स = ७, ज द ह = ८, झ ध = ९, ञ न = ०. काना-मात्रा आणि अनुस्वार मोजायचे नाहीत. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. जुन्या ग्रंथांत बहुधा उजवीकडून वाचतात, घरी डावीकडून वाचलं तरी बिघडत नाही, फक्त एकच दिशा ठेवा.

कळसूबाई १६४६ मीटर: "पाच वाती". प१ च६ व४ त६. शिखरावर देवीचं देऊळ आहे, तिथे पाच वाती लावल्या असं डोळ्यांसमोर आणा. साल्हेर १५६७: "काम तसं". क१ म५ त६ स७.

आर्या, ए-५०५: गुरुजी, भारी!! 🙏 माझी ही दोन शिखरं नेहमी एकमेकांत मिसळतात.

रोहिणीताई, बी-३०४: मिसळणं हेच क्विझमधल्या विसरण्याचं मोठं कारण. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकाच दिवशी पाठ केल्या तर एकीचं उत्तर दुसरीला चिकटतं. उंच्या, धरणं, घाट एका बैठकीत घेऊ नका. आणि मिसळल्याच, तर दोन्ही एकाच कार्डावर समोरासमोर लिहून फरक कशात आहे तो बघा.

आर्या, ए-५०५: पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा कार्डांचं वेळापत्रक सांगा ना. स्पर्धेला पाच आठवडे आहेत.

रोहिणीताई, बी-३०४: सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३५० हून जास्त लोकांवर पाहिलं, आणि साहित्य होतं अशाच फुटकळ, फारशा माहीत नसलेल्या गोष्टी. परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणी एक-दोन दिवसांनी केलेली उत्तम. वर्षभर टिकवायचं तर तीन ते पाच आठवड्यांनी. पाच आठवड्यांसाठी मधलं अंतर दहा-अकरा दिवस. तो प्रयोग एकाच उजळणीचा होता. आपण अनेक करणार, म्हणून अंतर वाढवत न्यायचं.

चपलांच्या खोक्यात पाच कप्पे. ही जर्मन विज्ञानपत्रकार लाइटनर यांची १९७२ ची पद्धत. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मोबाइलवर हवं तर अँकी हे ॲप उजळणीचं अंतर असंच वाढवत नेतं.

रोज दहा नवी कार्डं पुरे. प्रत्येक कार्ड महिन्यात पाचेक वेळा समोर येतं, म्हणजे शेवटी रोज पन्नासच्या आसपास उजळणी. कार्डाला आठ सेकंद धरले तर सात मिनिटं. वीस घेतलीत तर दुप्पट, आणि बहुतेकांचं तिसऱ्या आठवड्यात तिथेच बारगळतं. शेवटचे दहा दिवस नवं कार्ड नाही.

प्रधान काका, सी-७०२: कार्ड कसं असू नये, ते मी सांगतो. "पहिल्या रेल्वेची माहिती लिहा" हे कार्ड नाही. त्याची चार करा. तारीख? १६ एप्रिल १८५३. कुठून कुठे? बोरीबंदर ते ठाणे. इंजिनं? साहिब, सिंध, सुलतान. कल्याणपर्यंत कधी? १८५४. शिवाय एक जोडकार्ड: रेल्वे आधी की मुंबई विद्यापीठ? विद्यापीठ १८५७ चं. बझरवर अशी जोडकार्डंच कामी येतात, कारण प्रश्न कधीच आपण लिहिलेल्या शब्दांत येत नाही.

आणि कार्ड उलटायच्या आधी उत्तर तोंडाने मोठ्याने म्हणायचं. "हं, येत होतं मला" हे उलटल्यावर सगळ्यांनाच वाटतं.

डी-४०१: 😄 हे अगदी आमच्याकडचं.

सचिव, ए-१०१: स्पर्धेच्या दृष्टीने काही बदल हवाय का? पर्याय द्यायचे की नाहीत?

रोहिणीताई, बी-३०४: पहिल्या फेरीत पर्याय द्या, मुलं असतात. पण बरोबर उत्तर लगेच जाहीर करा, फेरी संपल्यावर नको. निवडलेला चुकीचा पर्याय तसाच सोडला, तर पुढे तोच खरा म्हणून डोक्यात राहू शकतो.

जोशी काका, बी-४०२: आणि जिभेवर असतं पण येत नाही, त्याचं काय करायचं? बझर दाबलेला असतो, दहा सेकंदांत!

रोहिणीताई, बी-३०४: पहिलं अक्षर किंवा नाव लांब की छोटं, हे अनेकदा बरोबर सुचतं. ते टीममध्ये बोलून टाका, दुसऱ्याला धागा मिळतो. चुकीचंच नाव सारखं पुढे येत असेल तर त्याच्याशी झटापट नको, दुसऱ्याकडे द्या. सरावात अडकलं तर मिनिटभर झगडत बसू नका, उत्तर बघून मोठ्याने म्हणा. जितका वेळ अडकून राहाल, तितकं पुढच्या वेळीही तिथेच अडकायची शक्यता जास्त, असं २००८ च्या एका प्रयोगात दिसलंय.

डॉक्टर, डी-१०३: आणि आदल्या रात्री जागरण नको, मंडपात पत्ते रंगले तरी. झोपेमुळे नवी माहिती जास्त टिकते, हे १९२४ पासून माहीत आहे. जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर पाहिलं होतं: तेवढेच तास झोपून काढले तर जागेपणापेक्षा बरंच जास्त उरलं.

सचिव, ए-१०१: ठरलं. नियम तेच. पहिल्या फेरीला पर्याय, उत्तर जागच्या जागी. प्रत्येक विंगेने पन्नास प्रश्न रविवारपर्यंत प्रधान काकांकडे द्यावेत, एका चिठ्ठीवर एकच प्रश्न. काका, तुमची विंग खेळतेय, तेव्हा प्रश्न निवडायला बी विंगचं कोणीतरी सोबत बसेल.

प्रधान काका, सी-७०२: बसू दे की. चहा सी विंगकडून.