२५ डिसेंबरचा वाढदिवस: त्याच दिवशी करायचा की पुढे ढकलायचा?

कोथरूडची_आई:
लेक येत्या २५ डिसेंबरला पाच वर्षांची होतेय. आत्तापर्यंत कधी प्रश्न आला नाही, पहिला वाढदिवस ओमायक्रॉनच्या धास्तीत घरातल्या घरात झाला, पुढचेही आजी-आजोबा-मामा एवढ्यातच, तिलाही फार कळत नव्हतं. यंदा सिनियर केजीत आहे आणि वर्गातल्या एकीच्या बर्थडेला जाऊन आल्यापासून रोज यादी चालूये, कोणाला बोलवायचं, कोणाला नाही (एकजण कटाप, कारण तो चावतो). आता गंमत अशी की शाळेला २४ पासून सुट्टी, २५ ला आलाय गुरुवार, म्हणजे शुक्रवारची रजा टाकून सगळी जनता गोवा नाहीतर महाबळेश्वर, उरलेले गावाला. आयांच्या ग्रुपवर सहज विचारून पाहिलं तर जवळपास सगळ्यांचं "अगं आम्ही नाहीयोत गं" आलं. सोसायटीचं क्लबहाऊस मागायला गेले तर त्या संध्याकाळी तिथे कमिटीचीच ख्रिसमस पार्टी, आणि सेक्रेटरी म्हणतात, मॅडम त्यातच उरकून टाका ना, सांता पण आहे केक पण आहे. उरकून टाका!! सासूबाई म्हणतात तिथीने करा. आणि लेकीचं म्हणाल तर समोरच्या बेकरीवर चांदण्या लागल्या की ती बाल्कनीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की हे माझ्या हॅपी बड्डेचं आहे. ज्यांच्या घरात अशी २५ डिसेंबरवाली मंडळी आहेत त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही काय करता?

सोलापुरी_चटणी:
मी स्वतः २५ डिसेंबरची, आता चाळिशी ओलांडली. आमच्या लहानपणी सोलापुरात सांता वगैरे कोणाला माहीत नव्हता, नुसती सुट्टी असायची, त्यामुळे गिफ्ट मारलं जायचा प्रश्नच नव्हता, दुःख वेगळंच होतं. बाकीच्या मुली वाढदिवसाला युनिफॉर्म सोडून रंगीत फ्रॉक घालून यायच्या, बाई वर्गासमोर उभं करायच्या, सगळे टाळ्या वाजवून गाणं म्हणायचे, मग ती एका मैत्रिणीला बरोबर घेऊन ऑफिसपासून शिपाईमामांपर्यंत गोळ्या वाटत फिरायची. ते मला दहावीपर्यंत एकदाही मिळालं नाही. आईने एकदा २४ ला पाठवलं होतं तर नेमकं गॅदरिंग, कोणाचं लक्षच नाही. तेव्हा पार्टी कधीही करा, पण शाळेतल्या बाईंशी आत्ताच बोलून सुट्टी लागायच्या आधीचा एखादा साधा दिवस तिच्या नावावर करून घ्या. आणि प्रत्यक्ष २५ ला आम्ही काय करायचो तर काकांच्या शेतावर हुरडा. सुट्टीच असते, सगळे चुलत-आते भाऊबहीण गोळा, आगटीभोवती बसून गरम कणसं हातावर चोळून खायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. केक कापलेला फारसा आठवत नाही, हुरडा मात्र दरवर्षीचा आठवतो.

पेन्शनर_काका:
तिथीचं मी पंचांगात बघितलं. २०२० च्या २५ डिसेंबरला मार्गशीर्ष शुद्ध एकादशी होती, मोक्षदा एकादशी, गीता जयंतीचा दिवस. यंदा ती १ डिसेंबरला आहे, सोमवारी. म्हणजे तिथीने करायचं म्हटलं तर दरवर्षी हमखास उपवास! आजी-आजोबा साबुदाणा खाणार आणि पोरं केक. औक्षण तेवढं तिथीला करा म्हणजे सासूबाईंचं समाधान, पण पार्टीला एकादशी कामाची नाही.

आता माझा उपाय. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण तो इंग्लंडात तेव्हा चालू असलेल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे. आजच्या कॅलेंडरने तीच तारीख ४ जानेवारी १६४३ येते. म्हणजे २५ डिसेंबरवाल्यांनी ४ जानेवारीला वाढदिवस करायला भरभक्कम आधार आहे, उद्या कोणी नाक मुरडलं तर न्यूटनचं नाव सांगायचं. आणि बघा, ४ जानेवारी २०२६ ला चक्क रविवार आहे. तोवर गोव्याला गेलेले परत आलेले असतात, हॉलही रिकामे आणि बेकरीवालाही माणसासारखा बोलतो. वाजपेयींचाही वाढदिवस २५ डिसेंबरचाच (१९२४), पण त्यांच्यावरून पार्टीला काही मदत होत नाही.

वसईचा_पाव:
काका 😄 न्यूटन भारी.
आमच्याकडे भाच्याचा २५ चाच आहे आणि आम्ही पडलो वसईचे कॅथलिक, म्हणजे विचार करा. २४ च्या रात्री मिस्सा, घरी येऊन झोपायला दोन वाजतात, सकाळपासून पाहुणे, नेवऱ्या कलकल केक सगळ्या टेबलावर, पोराला केकचं काय कौतुक राहणार. तो वाढदिवसाला जिलेबी मागतो. बहिणीने दोन नियम केलेत आणि ते सगळ्या मावश्या-काक्यांना पाठ आहेत. एक, दुपारच्या जेवणापर्यंत दिवस नाताळचा आणि चार वाजल्यापासून त्याचा, तेव्हा कपडे बदलायचे, गाणं वेगळं, आणि लाल-हिरवी टोपी घातलेल्याला आत एन्ट्री नाही. दोन, "हे दोन्हीचं मिळून" असं म्हणून कोणी गिफ्ट दिलं तर बहीण तोंडावर विचारते, दुसरं कुठंय? माझा एक मोठा भाऊ अजून घाबरतो तिला.

ते चांदण्यांचं मात्र खरं सांगून टाका असं माझं मत. भाच्याला सांगितलं होतं की हे येशूबाळासाठी आहे, तर म्हणाला ठीके, आम्ही दोघं. विषय संपला.

ढगाळ_लंडन:
इथे तर २५ ला ट्यूब बंद, बस बंद, दुकानं बंद, सॉफ्ट प्ले बंद. पार्टी करायची म्हटली तरी पोरं येणार कशी? त्यामुळे आमच्या मुलाची मित्रांबरोबरची पार्टी २५ जूनच्या आसपासच्या शनिवारी, साडेपाच, साडेसहा असे 'साडे'वाले वाढदिवस. हवा बरी असते, बागेत पळू देता येतं, घरात राडा नाही. डिसेंबरात सकाळी औक्षण, शिरा-पुरी, भारतातल्या आजीशी व्हिडिओ कॉल. ताम्हनात निरांजन ठेवायला घेतलं की मुलगा स्वतः जाऊन स्मोक अलार्मखालची खुर्ची हलवतो, एवढं अंगवळणी पडलंय 😅. एक छोटी गोष्ट, बर्थडेचं गिफ्ट कधीही ख्रिसमसच्या कागदात गुंडाळू नका, पोरांना लगेच कळतं. कागद आधीच आणून ठेवा, डिसेंबरात सगळीकडे सांता आणि हरणंच मिळतात.

वसईकर, चांदण्यांबद्दल असहमत. पाच वर्षांची आहे, पुढच्या वर्षी वर्गातलंच कोणीतरी सांगेल. आईने कशाला सांगायचं?

सोलापुरी_चटणी:
जूनचं तिकडे ठीक आहे हो, इकडे जूनमध्ये शाळा नुकती सुरू, पाऊस, आणि वर्गात निम्मी नवीन पोरं. काकांचा ४ जानेवारी चांगला. शिवाय कोथरूडची_आई, ३१ डिसेंबरच्या कट-ऑफमुळे तुमची लेक वर्गात सगळ्यात लहान असणार ना? बाकीची पोरं कधीच पाचची होऊन बसलीत. म्हणून तरी शाळेतलं कौतुक चुकवू नका, तिला ते "मी पण पाच" म्हणायचं असतं.

कोथरूडची_आई:
अय्या हो, सगळ्यात लहान आहे, आणि रोज ऐकून घेते "तू अजून चारचीच". हे डोक्यातच आलं नव्हतं. बाईंना आजच मेसेज टाकला, त्यांनी २२ ला सोमवारी चालेल सांगितलंय, रंगीत कपडे चालतील, चॉकलेट नको, राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की आणा म्हणाल्या.

तर सध्या असं ठरतंय: औक्षण १ तारखेला सासूबाईंच्या हातून (खूश आहेत, काकांना नमस्कार सांगितलाय), २२ ला शाळा, ४ जानेवारीला पार्टी, क्लबहाऊस मिळालं आणि भाडंही सुट्टीतल्यापेक्षा कमी. नवरा म्हणतोय एका पोरीचे किती वाढदिवस करणार आहेस. पण प्रत्यक्ष २५ ला काय, तर हुरडा डोक्यात बसलाय. नगर रोडला कृषी पर्यटनवाल्यांकडे चौकशी केली, माणशी पैसे सांगतात, झोका-बैलगाडी धरून. त्या सुमारास हुरडा खरंच तयार असतो का की नुसतं बोलावून वांग्याचं भरीत देतात? आणि चांदण्यांचं मी काही सांगणार नाहीये, सॉरी वसईकर.

वसईचा_पाव:
माफ केलं. चार वाजता टोपी काढायला मात्र विसरू नका.

सोलापुरी_चटणी:
पेरणी कधीची त्यावर आहे. लवकर पेरलेली असेल तर नाताळपर्यंत दाणा भरतो, उशिराची असेल तर जानेवारीच उजाडतो. त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा, ज्वारी स्वतःच्या रानातली आहे का आणि गुळभेंडी आहे की सुरती. गडबडून इकडचं तिकडचं बोलायला लागले तर ठेवून द्या फोन. आणि सकाळी लवकर निघा, २५ ला वाघोलीच्या पुढे जाम लागतो.